चरा कुणी पाडला?

ऊस जोरात चालू होता तेव्हाची गोष्ट. बिद्रीत आमच्या गटाची महिन्याची बैठक होती. नेहमी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी अंथरणारी आक्का त्या दिवशी उशिरा आली आणि दारापाशीच बसली. तिचं नाव इथं देत नाही, गाव लहान आहे. आक्काच म्हणूया.

आक्का एका घरी भांडी घासते, दोन घरी धुणं धुते आणि तीन घरच्या चारचाकी गाड्या धुते. गाड्यांचं काम अलीकडचं. पूर्वी गावात चारचाकी म्हणजे जीप नाहीतर टेम्पो. आता नोकरदारांच्या, बागायतदारांच्या, दुकानदारांच्या दारात गाडी उभी असते. ती दारात उभी राहिली की तिला धुणारं कुणीतरी लागतं आणि भांड्याला येणारी बाई हाताशी असतेच. "जाता जाता गाडीवरनं पण हात फिरव," असं म्हणत हे काम सुरू होतं. नंतर त्याचे महिन्याला तीनशे-चारशे ठरतात.

आक्काची तक्रार अशी होती. एका घरच्या गाडीच्या दारावर मोठा चरा पडलेला मालकाला दिसला. त्यानं तिचे दोन महिन्यांचे पैसे दिले नाहीत. महिना चारशे, म्हणजे आठशे. वर ऐकवलं, की रंगाचा खर्च कितीतरी जास्त आहे, तो तुझ्याकडून मागत नाही हेच उपकार समज.

"ताई, मी काय दगडानं घासली व्हय गाडी? फडक्यानंच पुसतो की मी," आक्का म्हणाली.

आणि मैत्रिणींनो, सांगायला लाज वाटते, मी तिला पहिला प्रश्न विचारला तो असा : "पण आक्का, चरा तुझ्याकडूनच पडला का?"

नवऱ्यानं मारलं म्हणून आलेल्या बाईला "तू काय केलं होतंस?" असं विचारायचं नाही, हे मी शिबिरांतून शिकवते. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत हेच शिकले आणि नंतरची दहा वर्षं हेच काम केलं. तरी पैसे कापले गेलेल्या बाईला मी मालकाचाच प्रश्न विचारला. आक्का काही बोलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. तिच्या त्या गप्प बसण्यातून हा लेख निघाला आहे.

गाडी बघायला गेलो तेव्हा

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी त्या घरी गेलो. मालक भला माणूस, चहा दिला. गाडी दाखवली. मागच्या डाव्या दारावर हातभर लांब रेघ होती. त्यानं बोट ठेवून म्हटलं, "बघा, अशी कामं करतात." आमच्याकडे काहीच उत्तर नव्हतं, कारण आम्हाला चऱ्यातलं काही कळत नव्हतं. आक्का घाबरलेली, मी ओशाळलेली. निघताना एकच शहाणपण सुचलं. मोबाईलवर त्या दाराचे आणि गाडीच्या इतर भागांचेही फोटो काढून घेतले.

पुढच्या आठवड्यात कामासाठी कोल्हापूरला गेले तेव्हा उद्यमनगरात गाड्यांना रंग देणाऱ्या एका मिस्त्रींना ते फोटो दाखवले. त्यांनी अर्ध्या तासात मला जे शिकवलं ते मला कोणत्याच प्रशिक्षणात मिळालं नव्हतं.

ते म्हणाले, गाडीचा रंग म्हणजे एक थर नसतो. पत्र्यावर प्रायमर, त्याच्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. चकाकी दिसते ती या वरच्या थराची. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केससुद्धा साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाहून पातळ अशा पडद्यावर आक्का रोज फडकं फिरवते.

या पडद्याला फडकं चरे पाडत नाही. फडकं आणि रंग यांच्यामध्ये अडकलेला वाळूचा कण चरे पाडतो. वाळूत असते ती गारगोटी. बिद्रीहून याच रस्त्यानं पुढं गेलं की गारगोटी गाव लागतं, त्याच नावाचा हा दगड. कठीणपणाच्या दहाच्या मापात गारगोटी सातला, काच साधारण साडेपाचला आणि गाडीचा रंग दोघींच्याही बराच खाली. हंगामात रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस जातात. त्यांच्या चाकांनी उडालेली माती दारातल्या गाडीवर बसते. त्यावरून कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिशपेपरनं गाडी पुसणं.

मग त्यांनी फोटोतले तीन प्रकारचे चरे वेगवेगळे करून दाखवले.

पहिला, दारावरची लांब रेघ. "मॅडम, यात नख अडकतंय का बघा. आतला पांढरा प्रायमर दिसतोय. हे फडक्याचं काम नव्हे. काहीतरी टोकदार घासत गेलंय." मला एकदम आठवलं, ती गाडी रस्त्याच्या कडेला उभी असते. रस्ता अरुंद, आणि ट्रॉलीतून बाहेर आलेली उसाची टोकं आणि बांधायच्या तारा दोन्ही बाजूंना लोंबत असतात. रेघेची उंचीही साधारण तेवढीच. ट्रॉलीनंच केलं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आक्काच्या फडक्यानं केलं नाही, हे मात्र नक्की.

दुसरा प्रकार बॉनेटवरचा. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या बारीक गोल गोल रेघा. नखाला लागत नाहीत, सावलीत दिसतही नाहीत. "हे मात्र धुण्या-पुसण्याचेच," मिस्त्री म्हणाले.

तिसरा प्रकार बॉनेटच्या कडेला आणि काचेच्या खांबापाशी. एकाशेजारी एक अशा चार-पाच आखूड रेघा. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "हे बांगड्यांचं. टपापर्यंत हात पुरत नाही म्हणून बाई अंग टेकते, हात टेकते. तिथं हे उमटतं."

म्हणजे खरं काय होतं? ज्या चऱ्यासाठी आक्काचे पैसे कापले तो तिचा नव्हता. जे तिच्या हातून पडले होते ते मालकाला दिसलेच नव्हते.

हत्यार कुणाचं, घाई कुणाची?

जाळ्यासारखे ते चरे आक्काच्या हातून पडले हे आम्ही लपवणार नाही. पण तिच्या हातात काय दिलं होतं ते बघूया.

एक बादली. कपड्याची पावडर. मालकाची फाटकी बनियन, जी आधी फरशीला वापरून झालेली. पाईप लावायचा नाही, पाणी सांडतं. साडेआठला साहेब निघणार, त्याच्या आत उरकायचं. म्हणजे ज्या बादलीत माती बसली आहे त्याच बादलीत बनियन पुन्हा बुडवायची आणि तीच माती टपावर फिरवायची. कपड्याची पावडर अंगानं जहाल, गाडीवर मेणाचा थर असेल तर तोही काढून टाकते. बनियनच्या शिवणी कडक. अशा सामानात उद्यमनगरातला मिस्त्री आणून उभा केला तरी चरे पडतील.

तरी दोष जातो तो बाईच्या हाताकडे. "यांचे हात खरखरीतच" हे वाक्य मी स्वतः कानांनी ऐकलं आहे. धुण्याच्या सोड्यानं, राखेनं, थंड पाण्यानं ते हात खरखरीत झाले, ते कुणाची भांडी घासून झाले हे विचारायचं नाही.

आणखी एक. आक्काला काय कशानं घासायचं हे कळत नाही, असं कुणी म्हणू नये. नॉनस्टिक तव्याला तारेची घासणी लावायची नाही हे तिनंच एका सुनेला शिकवलं. पितळी समईला चिंच, दुधाच्या भांड्याला वेगळी घासणी, जरीच्या लुगड्याला रिठा, तेही पिळायचं नाही, सावलीत टाकायचं. हे सगळं तिला येतं. वस्तू कशाची आहे ते ओळखून हात हलका-जड करणं हेच तर धुण्याचं शास्त्र. गाडीचा थर कशाचा आहे हे तिला कुणी सांगितलं नाही, एवढंच. सांगण्याची गरजही कुणाला वाटली नाही, कारण हे "हात फिरवण्याचं" काम.

आम्ही शिकलो ती रीत

त्यानंतरच्या दोन बैठका आम्ही यावरच घेतल्या. माझी स्वतःची जुनी गाडी मधोमध उभी केली. मी ती वर्षभर जुन्या ओढणीनं पुसत होते, तेव्हा तिच्यावरची जाळी सगळ्याजणींनी उन्हात डोळे भरून पाहिली आणि भरपूर हसल्या. मग रीत ठरली. इतर गटांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर देते.

उन्हात तापलेल्या गाडीवर पाणी घालायचं नाही. सकाळी किंवा सावलीत धुवायची. तापल्या पत्र्यावर साबण लगेच वाळतो आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग बसतात.

कोरडं फडकं अजिबात लावायचं नाही. आधी नुसतं पाणी, वरून खाली. पाईप नसेल तर तांब्यानं ओतायचं. चिखल वाळलेला असेल तर पाणी मारून चार-पाच मिनिटं भिजू द्यायचा, पुन्हा पाणी मारायचं. निम्म्याहून जास्त काम हे पाणीच करतं, हात लावायच्या आधी. पक्ष्याची विष्ठा खरवडायची नाही. ओलं फडकं थोडा वेळ वर ठेवलं की ती सुटते.

बादल्या दोन. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. फडकं शाम्पूत बुडवायचं, थोडा भाग पुसायचा, मग साध्या पाण्यात खळबळून माती काढायची आणि तेव्हाच पुन्हा शाम्पूत घालायचं. या एका सवयीनं सगळ्यात जास्त फरक पडतो. दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसलेली वाळू बघून आक्का म्हणाली, "आत्तापतुर ही समदी मी गाडीवर फिरवत होतो व्हय!"

फडकं लव असलेलं, मऊ. बाजारात मायक्रोफायबरचं मिळतं, त्याचा हातमोजाही मिळतो. माती लवेच्या आत जाते, रंगावर घासत नाही. फडक्याची शिवण, लेबल असेल तर कापून टाकायचं. फडकं जमिनीवर पडलं की ते धुतल्याशिवाय परत गाडीला लावायचं नाही, त्या दिवसापुरतं बाजूला ठेवायचं.

दाबायचं नाही. गोल गोल फिरवायचं नाही, सरळ लांब हात घ्यायचा. आधी टप, मग काचा, मग बॉनेट, मग दारं, आणि दारांचा खालचा भाग शेवटी, कारण माती तिथंच जास्त. चाकांचं फडकं आणि बादली वेगळी. ते फडकं चुकूनही वर न्यायचं नाही.

साबण वाळायच्या आत भरपूर पाण्यानं काढायचा. पुसताना घासण्यापेक्षा स्वच्छ कोरडं फडकं पसरून टिपून घ्यायचं.

टपासाठी पाट किंवा स्टूल मागून घ्यायचं, अंग टेकायचं नाही. कमरेच्या किल्ल्या, पदराची पिन, अंगठी, घड्याळ आधीच काढायचं.

आणि बांगड्या.

बांगड्या

इथं आमची बैठक अडली.

मी अगदी सहज म्हटलं, "बांगड्याही काढून ठेवायच्या." आक्का ताडकन म्हणाली, "बांगड्या काढू? मालक जिता हाय माझा." दोघी-तिघींनी माना हलवल्या. मग मी बोलत सुटले. सौभाग्यचिन्हं, पितृसत्ता, बाईच्या अंगावरच्या खुणा आणि पुरुषाच्या अंगावर काहीच खूण नसणं. पाच मिनिटं बोलले असेन. सगळं बरोबरच होतं. कुणी ऐकत मात्र नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून एकजण म्हणाली, "मग माझ्याकडं द्या की गाड्यांचं काम. माझं हात मोकळंच हाईत."

ती दोन वर्षांपूर्वी विधवा झाली. नवरा गेला त्या दिवशी बायकांनीच तिच्या बांगड्या फोडल्या. काचेचा तुकडा मनगटात गेला होता, त्याचा व्रण तिनं त्या दिवशी पहिल्यांदा दाखवला. ती आमच्या गटात आल्यापासून एवढं मोठं वाक्य पहिल्यांदाच बोलली होती. खोलीत कुणाला काही सुचेना.

आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात करायचं नाही असा ठराव. त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. आम्ही सगळ्यांनी त्या वेळी टाळ्या वाजवल्या, पत्रकं काढली. पण ठराव कागदावरून मनगटापर्यंत यायला किती वेळ लागतो ते आम्हाला त्या बैठकीत दिसलं. एकीला बांगड्या काढणं म्हणजे अपशकुन, दुसरीच्या त्या जबरदस्तीनं काढलेल्या. दोघींच्या मनगटावर दोघींचा हक्क नाही. आणि कामाची अट म्हणून "बांगड्या काढ" असं सांगणारी मी तिसरी हुकूम देणारी झाले होते.

तोडगा निघाला तो माझ्या भाषणातून नाही. एका मुलीनं शाळेच्या जुन्या मोज्याचा वरचा भाग कापला आणि आक्काच्या मनगटावर बांगड्यांच्या वरून चढवला. बांगड्या आत, वाजत नाहीत, घासत नाहीत. आक्कानं हात फिरवून बघितला आणि हसली. बांगड्या घालायच्या की नाही हा वाद आम्ही सोडलेला नाही, तो चालू राहील. पण तो वाद पोटापाण्याच्या कामाच्या आड येऊ द्यायचा नाही, आणि कुणाचं मनगट मोकळं आहे एवढ्यावर कुणाला काम द्यायचं नाही, हे दोन्ही त्या दिवशी ठरलं.

"हेच राहिलं होतं का?"

हे सगळं मी कोल्हापुरातल्या एका जुन्या कार्यकर्तीला सांगितलं. ती वैतागली. म्हणाली, "बीडकडून आलेल्या बायका पालात राहून ऊस तोडतायत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल नवऱ्याच्या हातात पडते. आणि तू मोटारीच्या चऱ्यांचं काय घेऊन बसलीस? उद्या श्रीमंतांच्या गाड्या न चरता कशा धुवाव्यात याची शिबिरं घेणार का? चांगल्या मोलकरणी तयार करणं हे चळवळीचं काम आहे का?"

तिचा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. चळवळीत हा धोका असतोच. आपण शिकवायला जातो आणि शेवटी मालकाला हवी तशी बाई घडवून देतो.

पण तिनं दिलेलं उदाहरणच माझं म्हणणं सांगतं. एक कोयता म्हणजे दोन माणसांचं काम, त्यातलं बाईचं काम मोजलंच जात नाही. आक्काच्या गाडीचंही तेच. मजुरीच्या कायद्यात अकुशल, निमकुशल, कुशल अशा पायऱ्या आहेत. २०१९ च्या वेतन संहितेतही त्या आहेत. या पायऱ्यांवर कोण कुठं बसतं ते बघा. वॉशिंग सेंटरवर मशीननं पाणी मारणारा मुलगा कारागीर. त्याच्या एका धुण्याचे तीनशे. हातानं धुणारी आक्का "हात फिरवणारी". तिच्या महिन्याभराचे चारशे. मशीनच्या जोरात माती उडते, हातानं ती सोडवताना जास्त जपावं लागतं. तरी जास्त जपणुकीच्या कामाला कमी मोल. बाईला जे येतं ते तिच्या अंगचं, जन्मजात, म्हणून फुकट. पुरुषानं तेच केलं की तो धंदा.

आणि गंमत अशी, की नुकसान झालं की त्याच अकुशल बाईकडून कुशल कारागिराची भरपाई मागायची. काम करताना "यात काय एवढं?" आणि चरा पडला की "एवढं नाजूक काम कळत नाही का?" दोन्ही एकाच तोंडानं म्हणता येणार नाही.

नुकसानीपोटी पैसे कापण्याबद्दल कायदा काय म्हणतो तेही गटांनी माहीत करून घ्यावं. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होतं आणि वेतन संहितेतही आहे, की कामगाराच्या हयगयीमुळेच थेट नुकसान झालं असेल तरच कपात करता येते, तीही त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावर, आणि नुकसानीपेक्षा जास्त नाही. कारखान्यातल्या, दुकानातल्या माणसाला निदान कागदावर हे संरक्षण आहे. घरात काम करणाऱ्या बाईपर्यंत ते पोचत नाही. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण तो कल्याणाच्या योजनांचा, मजुरीचा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०११ साली घरकामगारांसाठी करार क्रमांक १८९ केला. भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं, अनुसमर्थन मात्र अजून केलेलं नाही. १९८० साली पुण्याच्या मोलकरणींनी काम बंद ठेवलं आणि संघटना उभी केली, त्यातून आपण शिकलो की कायदा येईपर्यंत रीत आपणच पाडायची असते.

म्हणून मला वाटतं, चऱ्याचं ज्ञान ही मोलकरणीला चांगली मोलकरीण करण्याची गोष्ट नाही. ते तिच्या हातातलं हत्यार आहे. कुठला चरा फडक्याचा आणि कुठला नाही हे आक्काला त्या सकाळी सांगता आलं असतं तर तिचे आठशे कुणी अडवू शकलं नसतं. "मला दोन बादल्या आणि मऊ फडकं द्या, नाहीतर जबाबदारी माझी नाही" हे वाक्य बोलायला बाईला आधी काम आतून कळावं लागतं.

आपल्या प्रशिक्षणांकडेही जरा बघूया. बचत गटाच्या बायकांना आपण पापड, लोणची, शिवण, मेणबत्त्या शिकवतो. गाडी म्हटलं की ते मुलांचं. बायका गाड्या धुतच आहेत, फक्त तो व्यवसाय म्हणून आपल्या यादीत नाही.

पुढं काय झालं

मिस्त्रींकडून शिकून आल्यावर आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. या वेळी आक्काच बोलली. मालकाला दाराशी नेलं आणि म्हणाली, "साहेब, नख फिरवून बघा. अडाकतंय. आता बॉनेटवर फिरवा. तिथं न्हाय अडाकत. बॉनेटवरचं माझं हाय, तुमच्या बनियनीचं पण हाय. दाराचं माझं न्हाय." साहेब बराच वेळ नख फिरवत राहिले. शेवटी एका महिन्याचे चारशे दिले. दुसरे चारशे आजही यायचे आहेत. ती गाडी आता वॉशिंग सेंटरला जाते. म्हणजे पुरता विजय झाला असं मी लिहिणार नाही. आक्काचं एक घर गेलं.

उरलेल्या दोन घरी मात्र तिनं नवी बोली केली. महिना सहाशे, आठवड्यातून एकदाच पण नीट धुणं, रोजचं कोरडं झटकणं बंद, सामान मालकाचं. दोन बादल्या, तीन-चार फडकी आणि शाम्पू, सगळं हजारभर रुपयांत येतं. धुवायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारून असलेले चरे मालकाला दाखवायचे, हेही ठरलं. आणि ती एकटी जात नाही. बैठकीत बोलली ती मैत्रीण तिच्याबरोबर जाते. एक पाणी मारते, एक पुसते, पैसे निम्मे-निम्मे. पैसे कमी पडतात म्हणून अजून घरं शोधायचं चाललं आहे.

गेल्या खंडेनवमीला एक गोष्ट डोळ्यांत आली. त्या दिवशी आमच्याकडे गाडीची, कोयत्याची, शिलाई मशीनची, सगळ्या हत्यारांची पूजा होते. दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी बघायला दसरा चौकात गर्दी होते. आक्कानं दोन्ही घरच्या गाड्या धुतल्या, त्यांना झेंडूचे हार चढले, नारळ फुटले. फडक्याची आणि बादलीची पूजा कुणी केली नाही. संध्याकाळी गटात आम्ही ती केली. हळदीकुंकू त्या मोकळ्या हातांच्या मैत्रिणीनं वाहिलं. एक म्हातारी जरा कुरकुरली, पण प्रसाद घेऊन गेली.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत गाड्या कोण धुतं? किती पैशांत? नुकसान झालं म्हणून कुणाचे पैसे कापले गेले आहेत का, आणि कापण्याआधी तिचं म्हणणं कुणी ऐकलं होतं का? तुमच्या गटात हे बोलून बघा आणि अनुभव जरूर लिहून पाठवा. एक मात्र करा. तक्रार घेऊन आलेल्या बाईला माझ्यासारखा पहिला प्रश्न विचारू नका.